प्रकल्प नोंदी: हाताने चालवलेली कमांड आणि कोडमधून बोलावलेली कमांड

४ मार्च

इमॅक्स या मजकूर-संपादकासाठीच्या आमच्या मजकूर-संपादनाच्या पॅकेजची हस्तपुस्तिका नव्याने लिहिण्याचे काम आजपासून हाती घेतले. पॅकेजमधील कमांड साध्या आहेत: निवडलेल्या ओळींना क्रमांक देणे, परिच्छेदाच्या तुटलेल्या ओळी जोडणे, तारीख घालणे, निवडलेला मजकूर दुसऱ्या फाइलच्या शेवटी नेऊन लावणे. प्रत्येकीला डॉकस्ट्रिंग (कोडमध्येच लिहिलेले वर्णन) आहे, परंतु ती कोणाला उद्देशून लिहिली आहे हे वाचून ठरत नाही. एका ठिकाणी "कंट्रोल-यू दिल्यास क्रमांक शून्यापासून सुरू होतात" एवढेच लिहिले आहे (कंट्रोल-यू म्हणजे कमांडच्या आधी दाबायची किल्ली; तिने दिलेल्या जास्तीच्या सूचनेला प्रीफिक्स म्हणतात). ज्याला हे फंक्शन स्वतःच्या कोडमधून बोलवायचे आहे त्याने कंट्रोल-यू कुठे दाबावा, हे तो वाक्य लिहिणाऱ्यालाच ठाऊक. दुसऱ्या ठिकाणी नेमके उलटे आहे: तिसरे आर्ग्युमेंट (फंक्शनला दिलेली किंमत) निल, म्हणजे रिकामे किंवा ‘नाही’, नसल्यास काय होते ते सविस्तर सांगितले आहे, पण मेटा-एक्सने (नाव टंकून) कमांड चालवणाऱ्याला ते तिसरे आर्ग्युमेंट देता येते की नाही याचा उल्लेखच नाही.

या घोळाचे मूळ इमॅक्सच्या रचनेत आहे, आणि ती रचना मला चांगलीच वाटते. इमॅक्समध्ये कमांड ही फंक्शनपेक्षा निराळी वस्तू नाही. लिस्प ही इमॅक्सची प्रोग्रामिंग भाषा; ज्या लिस्प फंक्शनच्या आरंभी ‘इंटरॅक्टिव्ह’ हे रूप लिहिलेले असते, ते फंक्शन कमांड म्हणून चालवता येते. वापरकर्त्याने किल्ली दाबली किंवा मेटा-एक्स करून नाव दिले, की ‘कॉल-इंटरॅक्टिव्हली’ हे फंक्शन त्या रूपातील सूचना वाचते, त्यांनुसार आर्ग्युमेंट्स गोळा करते आणि ती हाती देऊन मूळ फंक्शन बोलावते. तेच फंक्शन दुसऱ्या फंक्शनने थेट बोलावले तर ‘इंटरॅक्टिव्ह’ रूपाकडे कोणी पाहतही नाही. आर्ग्युमेंट्स पुरवण्याची जबाबदारी सर्वस्वी बोलावणाऱ्यावर असते. म्हणजे ते रूप कमांडच्या वर्तनाचा भाग नसून आर्ग्युमेंट्सच्या भरणीचा भाग आहे.

यावरून लेखनाचा क्रम ठरवला. प्रत्येक कमांडच्या नोंदीत आधी फंक्शन आपल्या आर्ग्युमेंट्सचे काय करते ते सांगायचे आणि त्यानंतर, वेगळ्या परिच्छेदात, हाताने चालवल्यास ती आर्ग्युमेंट्स कोठून येतात ते सांगायचे. या नोंदींत ‘हाताने’ म्हणजे किल्ली, मेन्यू किंवा मेटा-एक्स यांपैकी कोणत्याही मार्गाने, आणि ‘कोडमधून’ म्हणजे लिस्पमधील साध्या फंक्शन-कॉलने.

६ मार्च

संकेताक्षरांची छाननी केली. ‘इंटरॅक्टिव्ह’ रूपात मजकुराची ओळ दिली तर तिच्यातील प्रत्येक भागाचे पहिले अक्षर आर्ग्युमेंट कसे मिळवायचे ते सांगते आणि उरलेला भाग मिनिबफरमध्ये (पडद्याच्या तळाच्या प्रश्नोत्तराच्या ओळीत) दाखवायचा प्रश्न असतो. दोन भागांमध्ये नव्या ओळीचे चिन्ह असते. लहान ‘एफ’ अस्तित्वात असलेल्या फाइलचे नाव मागतो, मोठा ‘एफ’ नसलेल्या फाइलचेही चालवून घेतो, आणि बफरच्या (संपादनासाठी उघडलेल्या मजकुराच्या) नावासाठी लहान व मोठा ‘बी’ यांच्यात हाच फरक आहे. ‘एस’ मजकूर मागतो, ‘एन’ संख्या मागतो. मोठा ‘एन’ प्रीफिक्स दिला असेल तर तोच संख्या म्हणून घेतो आणि नसेल तरच विचारतो.

हस्तपुस्तिकेसाठी महत्त्वाची गोष्ट अशी की अक्षरांची संख्या आणि आर्ग्युमेंट्सची संख्या जुळेलच असे नाही. ‘आर’ हे एकच अक्षर रीजनची (निवडलेल्या भागाची) दोन्ही टोके, लहान आकडा आधी या क्रमाने, दोन आर्ग्युमेंट्स म्हणून देते आणि प्रश्न काहीच विचारत नाही. ‘आय’ हे अक्षर निव्वळ निल देते. कोडमधून देता यावे पण हाताने कधीच देता येऊ नये अशा आर्ग्युमेंटची जागा भरण्यासाठी ते असते. ओळीच्या आरंभीची तारका आर्ग्युमेंट देतच नाही, ती फक्त बफर वाचनापुरता असल्यास चूक दाखवून कमांड तेथेच थांबवते. साहजिकच कोडमधून बोलावल्यावर ही तपासणी होत नाही आणि फंक्शन थेट बदल करायला जाते; तेव्हा चूक येते ती त्या बदलाच्या क्षणी, कदाचित अर्धे काम झाल्यावर. आमच्या चार कमांड या तारकेवर विसंबून आहेत. प्रत्येकीच्या नोंदीत हे वाक्य जाणार.

९ मार्च

आजचा संपूर्ण वेळ प्रीफिक्स आर्ग्युमेंटवर गेला आणि तो जाणे योग्यच होते, कारण हाताने आणि कोडमधून या दोन वाटांमधील निम्मे गैरसमज येथेच जन्मतात.

कच्चा प्रीफिक्स चार प्रकारचा असतो. काहीच दिले नसेल तर निल. आकडा दिला असेल तर तो आकडा. नुसता कंट्रोल-यू दाबला असेल तर एकाच संख्येची यादी, जिच्यात एकदा दाबल्यास ४, दोनदा दाबल्यास १६ आणि तीनदा दाबल्यास ६४ असते. नुसते वजाचिन्ह दिले असेल तर वजाचिन्हाच्या नावाचा सिंबॉल (लिस्पमधील नाव). मोठ्या ‘पी’ने फंक्शनला हे कच्चे रूप जसेच्या तसे मिळते. लहान ‘पी’ने त्याची संख्या करून मिळते: निलचा १, यादीतली संख्या तशीच, वजाचिन्हाचा उणे १. म्हणून लहान ‘पी’ वापरणाऱ्या कमांडला वापरकर्त्याने प्रीफिक्स दिलाच नाही की मुद्दाम १ दिला हे कळू शकत नाही.

हा फरक बारीक आहे, पण ‘किल-लाइन’ या रोजच्या कमांडमध्ये तो डोळ्यांनी पाहता येतो. ओळीच्या मध्यावर उभे राहून नुसता कंट्रोल-के दाबला तर ओळीच्या शेवटापर्यंतचा मजकूर कापला जातो आणि ओळ-बदल शिल्लक राहतो. त्याच जागी १ हा प्रीफिक्स देऊन कंट्रोल-के दाबला तर ओळ-बदलही कापला जातो आणि खालची ओळ वर येऊन चिकटते. शून्य दिले तर पॉइंटपासून (कर्सरच्या जागेपासून) मागे, ओळीच्या आरंभापर्यंतचा मजकूर जातो. म्हणून ही कमांड मोठा ‘पी’ वापरते, आणि तिच्या डॉकस्ट्रिंगमध्ये खास वाक्य आहे की प्रोग्राममधून बोलावताना निल म्हणजे ‘आर्ग्युमेंट नाही’ आणि संख्या म्हणजे प्रीफिक्स दिल्याप्रमाणे. एवढ्या एका वाक्याने कोड लिहिणाऱ्याचे काम होते. आमच्या हस्तपुस्तिकेत याच धर्तीचे वाक्य हवे.

उलट टोकाला ‘सेव्ह-बफर’ आहे. त्याचे एकमेव आर्ग्युमेंट संख्या असते आणि तिचा अर्थ कंट्रोल-यू किती वेळा दाबला यावर बेतलेला आहे: १६ म्हणजे आधीच्या आवृत्तीची बॅकअप-प्रत करा, ६४ म्हणजे तीही करा आणि पुढच्या वेळी या आवृत्तीचीही करा, ० म्हणजे आधीच्या आवृत्तीची प्रत मुळीच करू नका. हाताने वापरताना ही रीत सोयीची आहे, परंतु कोणाच्या तरी कोडमध्ये ‘सेव्ह-बफर’पुढे १६ लिहिलेले पाहिले तर त्या आकड्याचा अर्थ किबोर्डच्या सवयीशिवाय लागत नाही. नव्या कमांडमध्ये असे आकडे आर्ग्युमेंट म्हणून घेऊ नयेत. ‘इंटरॅक्टिव्ह’ रूपातच त्यांचे अर्थपूर्ण सिंबॉलमध्ये रूपांतर करावे, असा नियम मी मसुद्यात घातला आहे.

१० मार्च

ओळींना क्रमांक देणाऱ्या कमांडचा कोड वाचताना एक गोष्ट आढळली. ही कमांड प्रीफिक्स आर्ग्युमेंट म्हणून घेत नाही. फंक्शनच्या शरीरात ‘करंट-प्रीफिक्स-आर्ग’ हे चल थेट वाचते. हाताने चालवताना फरक जाणवत नाही. पण समजा दुसऱ्याच एखाद्या कमांडने हे फंक्शन आतून बोलावले आणि वापरकर्त्याने त्या बाहेरच्या कमांडला कंट्रोल-यू दिला होता. बाहेरची कमांड चालू असेपर्यंत चलाची किंमत तीच राहते, त्यामुळे जो कंट्रोल-यू भलत्याच कामासाठी होता तो आतल्या फंक्शनलाही लागू पडतो आणि क्रमांक अचानक शून्यापासून सुरू होतात. वापरकर्त्याला हे कोडे कधीच सुटणार नाही. अशा वर्तनाचे नीट शब्दांत वर्णन करणे शक्य आहे, पण लिहिताना जे वाक्य लाजिरवाणे वाटते ते बहुधा कोडमधला दोष सांगत असते. दुरुस्तीची मागणी नोंदवली: प्रीफिक्स फक्त ‘इंटरॅक्टिव्ह’ रूपात वाचावा आणि शरीरात केवळ आर्ग्युमेंट वापरावे.

१२ मार्च

फाइलच्या शेवटी मजकूर नेऊन लावणाऱ्या कमांडसाठी, आधीची फाइल असल्यास खात्री विचारायची की नाही, हा प्रश्न होता. इमॅक्सच्याच फाइल-कमांडनी तो कसा सोडवला आहे ते पाहिले. ‘राइट-फाइल’चे दुसरे आर्ग्युमेंट निल नसेल तर अस्तित्वात असलेल्या फाइलवर लिहिण्यापूर्वी खात्री विचारली जाते, हाताने चालवल्यास प्रीफिक्स दिला नसेल तर ते आर्ग्युमेंट आपोआप खरे भरले जाते. डॉकस्ट्रिंगमध्ये ही दोन वाक्ये याच क्रमाने, एकापुढे एक आहेत. मला हवा असलेला नमुना हाच.

‘कॉपी-फाइल’ची युक्ती अधिक गमतीची आहे. तिचे तिसरे आर्ग्युमेंट निल असेल आणि त्या नावाची फाइल आधीच असेल तर चूक दाखवली जाते. ते संख्या असेल तर खात्री विचारली जाते. इतर काही असेल तर न विचारता फाइल पुसून लिहिली जाते. आता ‘इंटरॅक्टिव्ह’ रूपात या जागी लहान ‘पी’ ठेवला आहे, आणि लहान ‘पी’ नेहमी संख्याच देतो. म्हणजे हाताने चालवणाऱ्याला दरवेळी विचारले जाते आणि कोडमधून बोलावणाऱ्याला तिन्ही पर्याय मोकळे राहतात. लगेच पुढे चौथ्या आर्ग्युमेंटसाठी मोठा ‘पी’ आहे, जो फाइलची वेळ राखायची की नाही हे ठरवतो. एकच प्रीफिक्स दोन अक्षरांनी दोन प्रकारे वाचला तरी तो खर्च होत नाही, हेही यातून दिसते. युक्ती हुशारीची असली तरी डॉकस्ट्रिंगमध्ये ‘संख्या असल्यास खात्री विचारली जाते आणि मेटा-एक्सने चालवल्यास असेच होते’ हे वाक्य नसते तर ती कोणालाही उमगली नसती.

फंक्शनच्या शरीरात प्रश्न विचारण्याविषयीही येथेच लिहून ठेवतो. इमॅक्स बॅच पद्धतीने, म्हणजे खिडकी न उघडता, चालवले जात असताना मिनिबफरमधील वाचन प्रमाणित इनपुटवरून होते. रात्री आपोआप चालणाऱ्या स्क्रिप्टमधून असे फंक्शन बोलावले तर प्रश्नाचे उत्तर द्यायला तेथे कोणी नसते. विचारपूस भरणीच्या वेळी करावी. अगदीच शरीरात करावी लागली तर ती एखाद्या आर्ग्युमेंटने बंद करता यावी आणि ते आर्ग्युमेंट कागदावर यावे.

१६ मार्च

मायनर मोड, म्हणजे चालू-बंद करता येणारी जास्तीची सोय. एकाच नावाने, एकही आर्ग्युमेंट न देता बोलावलेले फंक्शन दोन वाटांनी दोन वेगळ्या गोष्टी करते याचे याहून ठळक उदाहरण इमॅक्समध्ये सापडणार नाही. मेटा-एक्सने मोडचे नाव दिले की चालू असलेला मोड बंद होतो आणि बंद असलेला चालू होतो. कोडमधून त्याच फंक्शनला काही न देता बोलावले की मोड चालूच होतो, आधी चालू असला तरी. हे काही जादूने घडत नाही. ‘इंटरॅक्टिव्ह’ रूप कच्चा प्रीफिक्स देते आणि तो नसेल तर ‘टॉगल’ हा सिंबॉल देते, तर थेट कॉलमध्ये आर्ग्युमेंट निल राहते. फंक्शनचे शरीर दोन्ही वेळा आर्ग्युमेंट पाहूनच निर्णय घेते. कोणी बोलावले याची चौकशी ते करत नाही.

ही रीत आवृत्ती २४.१ पासून आहे. त्याआधी कोडमधून निल दिले तरी मोड उलटसुलट होत असे, आणि म्हणूनच जुन्या सेटिंग-फाइलींमध्ये मोडच्या नावापुढे १ लिहिलेला दिसतो किंवा ‘टर्न-ऑन-ऑटो-फिल’ यासारखी केवळ चालू करणारी स्वतंत्र फंक्शन्स हुकला (ठराविक प्रसंगी आपोआप चालणाऱ्या फंक्शन्सच्या यादीला) जोडलेली दिसतात. हुक आपल्या फंक्शनला आर्ग्युमेंट देत नाही, त्यामुळे जुन्या नियमाने एकच मोड दोन हुकांत जोडला गेला तर तो दुसऱ्या वेळी बंद होण्याची शक्यता असे. आजही नवे लोक जुन्या फाइलींतून ती १ उचलून घेतात. त्याने बिघडत काही नाही, पण कारण माहीत असावे म्हणून हस्तपुस्तिकेत चार ओळी दिल्या आहेत.

आवृत्ती २८ मध्ये मायनर मोडच्या डॉकस्ट्रिंगला आपोआप जोडला जाणारा परिच्छेद मी शब्दाशब्दाने तपासला. हाताने चालवण्याविषयीच्या वाक्यात म्हटले आहे की प्रीफिक्स धन असल्यास मोड चालू होतो, शून्य किंवा ऋण असल्यास बंद होतो. लिस्पमधून बोलावण्याविषयीच्या वाक्यांत निल, वगळलेले आर्ग्युमेंट किंवा धन संख्या असल्यास चालू आणि ऋण संख्या असल्यास बंद, असे आहे. शून्याचे काय? कोडमध्ये १ पेक्षा लहान कोणतीही संख्या मोड बंद करते, म्हणजे शून्यही. वर्तन दोन्ही वाटांनी सारखेच आहे, फक्त दुसऱ्या वाक्यात शून्य लिहायचे राहिले. ही उणीव क्षुल्लक आहे, पण दोन वाटांची वर्णने वेगवेगळ्या वाक्यांत लिहिली की अशा फटी कशा पडतात याचा हा चांगला दाखला आहे. आमच्या मोडसाठी मी शून्य स्पष्ट लिहिले.

१९ मार्च

कमांड हाताने चालवली का ते सांगणाऱ्या ‘कॉल्ड-इंटरॅक्टिव्हली-पी’ या फंक्शनवरून आज सहकाऱ्याशी बरीच चर्चा झाली. परिच्छेद जोडणारी कमांड काम संपल्यावर "इतक्या ओळी जोडल्या" असा संदेश दाखवते. तो संदेश हाताने चालवल्यास हवा आणि कोडमधून बोलावल्यास नको, याबद्दल दुमत नाही. प्रश्न तो फरक कसा ओळखायचा हा आहे.

सहकाऱ्याचे म्हणणे असे की ही सोय इमॅक्सने दिलेलीच आहे तर ती वापरावी. केवळ संदेशासाठी फंक्शनला एक जास्तीचे आर्ग्युमेंट चिकटवणे त्याला पसंत नाही. ‘काउंट-वर्ड्स-रीजन’ हेच करते, हा त्याचा दाखला खरा आहे: ते हाताने चालवले तर ओळी, शब्द आणि अक्षरे यांची संख्या संदेशात दाखवते, आणि कोडमधून बोलावले तर गाजावाजा न करता शब्दांची संख्या परत देते.

माझे मत वेगळे आहे. ‘कॉल्ड-इंटरॅक्टिव्हली-पी’ कॉल-स्टॅक (कोणी कोणाला बोलावले याची साखळी) तपासून उत्तर काढते. एडीबगने (इमॅक्सच्या दोष-शोधकाने) फंक्शन पायरी-पायरीने चालवताना किंवा त्याभोवती कोणी ॲडव्हाइस (बाहेरून जोडलेला कोड) घातला असताना स्टॅकमध्ये मधल्या पायऱ्या येतात आणि त्यांच्यासाठी खास सोय करून ठेवावी लागते. शिवाय ते आपल्या लगतच्या फंक्शनविषयीच उत्तर देते. संदेशाचा भाग वेगळ्या मदतनीस फंक्शनमध्ये हलवला की उत्तर नेहमी निल येऊ लागते, कारण त्या मदतनिसाला कोणीही हाताने चालवलेले नसते. त्यात दोन प्रकारची चौकशी आहे. ‘इंटरॅक्टिव्ह’ हा प्रकार विचारला तर वापरकर्त्याने प्रत्यक्ष चालवले तरच होकार मिळतो, किबोर्ड मॅक्रोमधून (नोंदवून ठेवलेल्या किल्ल्यांच्या मालिकेतून) चालल्यास मिळत नाही. ‘एनी’ विचारला तर मॅक्रोही धरला जातो. प्रकार सांगण्याची ही पद्धत २३.२ मध्ये आली आणि जुने ‘इंटरॅक्टिव्ह-पी’ तेव्हापासून कालबाह्य ठरले.

याउलट, फंक्शनला एक ऐच्छिक आर्ग्युमेंट ठेवून ‘इंटरॅक्टिव्ह’ रूपात त्याच्या जागी लहान ‘पी’ लिहिला की काम होते. लहान ‘पी’ कधीच निल नसतो, म्हणून हाताने चालवल्यास आर्ग्युमेंट नेहमी खरे. कोडमधून वगळल्यास नेहमी निल. याचा खरा फायदा असा की कोड लिहिणाऱ्यालाही हवा असल्यास संदेश मागता येतो आणि चाचणी लिहिताना दोन्ही बाजू साध्या कॉलने तपासता येतात. इमॅक्सचे स्वतःचे मार्गदर्शनही याच पद्धतीकडे झुकते.

शेवटी ठरले ते असे: नव्या कमांडमध्ये ऐच्छिक आर्ग्युमेंट, जुन्या कमांडमध्ये जेथे फरक केवळ संदेशापुरता आहे तेथे सध्याचा कोड तसाच राहील, पण परत मिळणारी किंमत बोलावणाऱ्यानुसार बदलता कामा नये. मॅक्रो चालू असताना संदेश नको असेल तर त्याची अट ‘इंटरॅक्टिव्ह’ रूपात लिहावी, शरीरात नाही.

२० मार्च

कालच्या निर्णयाला जोड. ऐच्छिक आर्ग्युमेंट नेहमी यादीच्या शेवटी घालायचे. लिस्पमध्ये ही आर्ग्युमेंट्स जागेवरून ओळखली जातात, त्यामुळे मध्ये काही घुसवले तर बाहेरच्या लोकांचा कोड चूक न दाखवता भलतेच काम करू लागेल.

२४ मार्च

संकेताक्षरांऐवजी ‘इंटरॅक्टिव्ह’ रूपात लिस्पची राशी (एक्स्प्रेशन) देता येते. ती आर्ग्युमेंट्सची यादी परत करते. आमच्या मोठ्या कमांड याच प्रकारच्या आहेत आणि येथे क्रमाला महत्त्व आहे. रीजनची टोके आधी यादीत घेतली आणि नंतर मिनिबफरमध्ये काही विचारले, तर वापरकर्ता उत्तर टंकत असताना त्या बफरमध्ये एखाद्या उप-प्रक्रियेचे आउटपुट येऊन पडू शकते. मजकूर सरकतो, पॉइंट आणि मार्कही (रीजनचे दुसरे टोक) सरकतात, पण आधी टिपलेले आकडे जुन्याच जागा दाखवत राहतात. म्हणून आधी विचारावे, उत्तर एखाद्या स्थानिक चलात ठेवावे आणि मग टोके घेऊन यादी बनवावी. आमच्या दोन कमांडमध्ये क्रम उलटा होता. तो बदलण्यात आला.

याच संदर्भात कमांडच्या इतिहासाचा प्रश्न येतो. मिनिबफरमध्ये काही विचारून चालवलेली कमांड तिच्या आर्ग्युमेंट्ससह ‘कमांड-हिस्टरी’त नोंदली जाते आणि कंट्रोल-एक्स एस्केप एस्केप दाबून ती पुन्हा चालवता येते, हवे तर आर्ग्युमेंट्स बदलूनही. तेथे जे दिसते ते म्हणजे हाताने चालवलेल्या कमांडचे कोडमधील रूप. दस्तऐवज लिहिणाऱ्याला यासारखी दुसरी सोय नाही: कमांड एकदा चालवावी, इतिहासातील पहिली नोंद उघडावी आणि भरणीने फंक्शनला नेमके काय दिले ते वाचावे. राशीमध्ये पॉइंट, मार्क किंवा रीजनची टोके थेट मागितलेली असतील तर इमॅक्स त्यांना ओळखून किंमतीऐवजी ती मागणीच इतिहासात ठेवते, म्हणजे पुन्हा चालवताना त्या वेळची टोके घेतली जातात. आपली राशी या सवलतीत बसली की नाही हेही पहिल्या नोंदीवरूनच कळते.

त्यातून एक बंधन निघते. आर्ग्युमेंट म्हणून बफर-वस्तू किंवा मार्कर देऊ नये, बफरचे नाव द्यावे. कारण ज्या वस्तू छापून पुन्हा वाचता येत नाहीत त्या इतिहास फाइलमध्ये साठवणाऱ्या सोयींना चालत नाहीत. हे कोड लिहिणाऱ्याने पाळायचे, पण हस्तपुस्तिकेत "हे आर्ग्युमेंट बफर किंवा त्याचे नाव असू शकते, हाताने चालवल्यास नाव दिले जाते" असे लिहिले की दोघांनाही पुरते.

२६ मार्च

रीजनवर चालणाऱ्या कमांड. आमच्या निम्म्या कमांड "रीजन सक्रिय असल्यास रीजनवर, नसल्यास संपूर्ण बफरवर" अशा आहेत. ‘यूज-रीजन-पी’ ही तपासणी कोठे करायची यावर सर्व अवलंबून आहे. ती शरीरात केली तर कोडमधून दिलेली टोके, बफरमध्ये योगायोगाने रीजन सक्रिय आहे म्हणून, दुर्लक्षिली जाण्याचा धोका असतो. ती ‘इंटरॅक्टिव्ह’ रूपात केली तर शरीराला दोन आकडे मिळतात आणि ते त्यांवर काम करते. दुसरी पद्धतच स्वीकारली, आणि डॉकस्ट्रिंगचे वाक्य आपोआप सोपे झाले: "आरंभ आणि शेवट यांमधील ओळींना क्रमांक देते. हाताने चालवल्यास ही रीजनची टोके असतात. रीजन सक्रिय नसल्यास संपूर्ण बफरची."

अपवादही पाहून ठेवला. ‘किल-रीजन’चे तिसरे ऐच्छिक आर्ग्युमेंट निल नसेल तर पहिली दोन आर्ग्युमेंट्स दुर्लक्षिली जातात आणि प्रत्यक्ष रीजन कापला जातो, हाताने चालवल्यास ते भरलेले असते. कारण निवड आयताकृती असेल तर दोन टोकांनी तिचे वर्णन होऊच शकत नाही. याशिवाय हाताने चालवताना मार्क आधी आणि पॉइंट नंतर असा क्रम दिला जातो, लहान आकडा आधी असा नाही, कारण लागोपाठ कापलेला मजकूर आधीच्या तुकड्याच्या पुढे जोडायचा की मागे हे त्या क्रमावरून ठरते. ‘आर’ हे अक्षर येथे चाललेच नसते.

३१ मार्च

काही कमांड केवळ हाताने चालवण्यासाठीच असतात. ‘नेक्स्ट-लाइन’ उभ्या रांगेची जागा राखते आणि पडद्यावरील दिसत्या ओळींचा हिशेब करते. कोडमध्ये त्याऐवजी ‘फॉरवर्ड-लाइन’ वापरावे. ‘बिगिनिंग-ऑफ-बफर’ बफरच्या आरंभी जाताना जुन्या जागी मार्क ठेवते, आणि कोडमधून बोलावल्यास वापरकर्त्याने स्वतः ठेवलेला मार्क हलतो. अशा फंक्शनच्या घोषणेत ‘इंटरॅक्टिव्ह-ओन्ली’ लिहिता येते. मग बाइट-कंपायलर (लिस्प कोडचे जलद रूप बनवणारा प्रोग्राम) इशारा देतो आणि मदतीच्या पानावर पर्यायी फंक्शनचे नाव येते. आमच्या तारीख घालणाऱ्या कमांडला मी हे लावावे असे सुचवले आहे, कारण तिचे आतले फंक्शन वेगळे उपलब्ध आहे.

याच्या उलट ‘डिसेबल्ड’ हा गुणधर्म फक्त हाताने चालवण्यालाच अडवतो. ‘डाउनकेस-रीजन’ नव्या वापरकर्त्याला आधी खात्री विचारते, पण कोडमधून बोलावल्यास विनाप्रश्न चालते. त्या वेळी पडद्यावर डॉकस्ट्रिंगचा पहिल्या रिकाम्या ओळीपर्यंतचाच भाग दाखवला जातो. म्हणजे धोक्याची सूचना पहिल्या परिच्छेदातच हवी, आणि हाताने चालवण्याविषयीचा परिच्छेद दुसरा असेल असा आमचा क्रम अशा कमांडपुरता बदलावा लागेल.

२ एप्रिल

तुलनेसाठी विम या दुसऱ्या संपादकातील रीत पाहिली. तेथे वापरकर्त्याची कमांड आणि फंक्शन या दोन स्वतंत्र वस्तू आहेत. कमांड घोषित करताना ती किती आर्ग्युमेंट्स, रेंज किंवा काउंट घेते ते सांगायचे आणि त्यातून फंक्शनला काय द्यायचे ते लिहायचे. भरणी आणि काम यांची फारकत त्यामुळे उघड दिसते. एक गोष्ट मात्र चकवणारी आहे: फंक्शनच्या व्याख्येत ‘रेंज’ लिहिलेले नसेल आणि ते ओळींच्या रेंजसह बोलावले, तर ते प्रत्येक ओळीसाठी एकदा, असे अनेक वेळा चालते. विमसाठी लिहिणाऱ्यांना याचा उल्लेख विसरता येणार नाही. आमच्या पुस्तिकेत याला जागा नाही.

७ एप्रिल

ओळींना क्रमांक देणाऱ्या कमांडची नोंद, दुरुस्त कोडनुसार, पूर्ण केली. ती येथे उतरवून ठेवतो.

"आरंभ आणि शेवट यांमधील प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला क्रमांक घालते. पहिला क्रमांक ‘प्रथम’ हा असतो. ते निल असल्यास १. ‘संदेश’ निल नसल्यास शेवटी ओळींची संख्या दाखवते. नेहमी क्रमांकित ओळींची संख्या परत देते.

हाताने चालवल्यास आरंभ आणि शेवट ही रीजनची टोके असतात, रीजन सक्रिय नसल्यास संपूर्ण बफरची. संख्यात्मक प्रीफिक्स ‘प्रथम’ ठरवतो आणि नुसता कंट्रोल-यू दिल्यास ‘प्रथम’ शून्य असते. बफर वाचनापुरता असल्यास कमांड सुरू होत नाही. कोडमधून बोलावल्यास ही तपासणी होत नाही."

सहकाऱ्याने ‘नेहमी’ या शब्दाला हरकत घेतली, कारण त्याच्या मते परत मिळणारी किंमत बदलत नाही हे गृहीतच असायला हवे. ‘काउंट-वर्ड्स-रीजन’ पाहिल्यानंतर मी ते गृहीत धरायला तयार नाही, शब्द ठेवला.

९ एप्रिल

उरलेल्या कमांडच्या नोंदी याच साच्यात बसवल्या. तारीख घालणाऱ्या कमांडला दुसरा परिच्छेद लागलाच नाही, कारण ती आर्ग्युमेंट घेत नाही आणि दोन्ही वाटांनी सारखीच वागते. आवृत्ती २८ पासून ‘इंटरॅक्टिव्ह’ रूपात आर्ग्युमेंट्सच्या सूचनेनंतर ज्या मोडमध्ये कमांड उपयोगी आहे त्यांची नावे देता येतात, जेणेकरून मेटा-एक्सच्या सूचनांत ती इतरत्र दिसू नये. त्याचा कोडमधील कॉलवर काहीच परिणाम होत नाही. आमचे पॅकेज जुन्या आवृत्त्यांवरही चालवायचे असल्याने हा भाग पुढच्या टप्प्यासाठी ठेवला आहे, आणि तोपर्यंत मोडचे नाव डॉकस्ट्रिंगमध्ये वाक्यानेच सांगितले जाईल.